कारभारी डोळा

"सुभेदार, डोळा कुनाला मारताय?"

भूपाल आण्णा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. ओळख ना पाळख. सांगलीच्या आमच्या क्लबातल्या स्नूकरच्या टेबलावर मी ओणवा झालो होतो, डावा डोळा गच्च मिटून पांढऱ्या बॉलवर नेम धरला होता आणि नेमक्या समोरच्या खुर्च्यांवर दोन बायका चहा पीत बसल्या होत्या. त्या खुदकन हसल्या. माझे कान तापले. मी मूळचा साताऱ्याकडचा, जावळीतल्या मेढ्याचा. फौजेतून नायब सुभेदार होऊन बाहेर पडलो, मिरजेच्या एका इस्पितळात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो आणि बिऱ्हाड सांगलीत केलं. माझ्या मिशांवरूनच या गृहस्थांनी माझा हुद्दा ओळखला होता. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "तोंड सांभाळून बोला. मी नेम धरतोय."

"त्येच म्हनतोय मी," ते म्हणाले. "नेम धरायचा तर डोळं उघडं ठेवा की. मिटून कुटं नेम धरत्यात व्हय?"

समोर उभा असलेला माणूस ठेंगणा, पोट पुढे आलेलं, पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळावर देवळातून आल्याची खूण म्हणून केशरी टिळा. त्यांनी खिशातून एक काळी रबरी चकती काढली. नीट पाहिलं तर ते मिक्सरच्या भांड्याला लावतात ते वायसर होतं. आण्णांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि किल्ल्या, रुमाल, सुपारी असावी तसं हे वायसर कायम त्यांच्या खिशात असे. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "हात सरळ म्होरं करा. दोनी डोळं उघडं. ह्या भोकातनं भिंतीवरचं घड्याळ बघा. दिसलं? आता उजवा मिटा."

उजवा मिटला. घड्याळ जागच्या जागी, चकतीच्या आत.

"आता डावा मिटा."

डावा मिटला आणि घड्याळ चकतीतून पार बाहेर गेलं! चकतीत उरली नुसती चुना लावलेली भिंत. मी हात हलवला म्हणून असं झालं असेल, असं समजून मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. आण्णा विजयी मुद्रेने त्या चहावाल्या बायकांकडे बघत होते.

"ह्येंचा कारभारी डावा हाय," त्यांनी साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. "आन् ह्यो गडी त्यालाच कोंडून घालतोय!"

आमच्याकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. घर ज्याच्या शब्दावर चालतं तो कारभारी. आण्णांचं म्हणणं असं, की माणसाला डोळे दोन असले तरी कारभारी एकच असतो. दुसरा डोळा बघतो, मदत करतो, पण वस्तू कुठे आहे याचा शेवटचा निकाल कारभारी देतो. बहुतेकांचा उजवा. माझ्यासारख्या काहींचा हात उजवा आणि कारभारी डावा. मी म्हटलं, "आण्णा, अख्खी नोकरी मी डावा डोळा मिटून गोळी चालवलीय. उस्तादांनी 'बायीं आँख बंद' म्हटलं की बंद. निशाणाही चांगला लागायचा."

"बंदुकीचं येगळं, सुभेदार. तितं नळी गालाला लागती, नळीवर खुना असत्यात, रेघ आयती मिळती. हितं रेघ तुमाला काढायची हाय. आन् लांब-जवळ कळायला दोनी डोळं लागत्यात. दोनी उघडं ठेवा, पन काठी कारभाऱ्याच्या खालनं न्या. मानगूट जरा उजवीकडं घ्या. अजून. हां. मारा आता."

क्यूला ते काठी म्हणत. मी मान सरकवली, काठी डाव्या डोळ्याखाली आणली. सगळं तिरपं, चोरासारखं वाटत होतं. मारलं. लाल बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटात असा गेला की कडेला शिवलासुद्धा नाही. महिनाभर मी त्याच बॉलवर माती खात होतो. मी वळून काही बोलणार, तोवर आण्णा पाठ फिरवून निघालेसुद्धा होते. जाता जाता म्हणाले, "मी सांगितलं म्हंजे जानारच."

विनय हा प्रकार आण्णांच्या दुकानात मिळत नव्हता. सांगली जिल्ह्यात आपल्यासारखा खेळणारा झाला नाही हे ते स्वतःच सांगत, आणि पंचाईत अशी की ते खरं होतं. लांबचा सरळ बॉल ते असा घालत की बघणाऱ्याला वाटावं यात काय आहे! आणि क्वचित चुकलेच तर काठी उभी करून, टेबलाकडे दया आल्यासारखं बघून म्हणत, "मी चुकत न्हाई. टेबल चुकतं." मग कापड नीट ताणलेलं नसे, दिवा हललेला असे, नाहीतर मी शेजारी उभा राहून श्वास घेतलेला असे. माझं टाळकं फिरायचं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मी त्यांच्यासमोर काठी घेऊन हजर.

त्या वायसराने त्यांनी सांगलीतल्या किती माणसांचे कारभारी शोधले असतील, देव जाणे. दुकानात कढई घ्यायला आलेल्या बाईला आधी कारभारी दाखवावा लागे, मग कढई. एका लग्नात मांडवात जाऊन त्यांनी नवरदेवाच्या हातात वायसर दिलं. अंतरपाट धरलेला, भटजी खोळंबलेले. तपासून झाल्यावर म्हणाले, "उजवा हाय. पन आजपासनं त्याचं काय चालनार न्हाई." नवरीकडची मंडळी इतकी हसली की मंगलाष्टकं पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली.

आण्णांच्या घरी कोणाचं चालतं हे साऱ्या गल्लीला माहीत होतं: पद्मा वैनींचं, म्हणजे आण्णांच्या पत्नीचं. आण्णा सकाळी दुकान उघडून गादीवर बसत आणि कुणी क्लबाचं नाव काढायची खोटी, की उठत. माल कुठून आणायचा, कुणाला काय भावाने द्यायचं, दिवाळीला कोणती डिझाइन चालेल, सगळं वैनी बघत. आण्णा मात्र सगळ्यांना सांगत, "दुकान मीच चालवतो. ही आपली बसती." वैनी हे ऐकून गिऱ्हाइकाला डबा बांधून देत. त्या कधी क्लबात आल्या नव्हत्या. "त्या म्हशीएवढ्या टेबलावर काय बघायचं," म्हणत.

दर वर्षी सांगली आणि सातारा या दोन क्लबांचा सामना होतो. एका वर्षी इथे, एका वर्षी तिथे. मी साताऱ्याचा असून सांगलीकडून खेळतो म्हणून तिकडचे मला फितूर म्हणतात आणि आम्ही हरलो की खास माझ्या हातात कंदी पेढ्यांचा खोका देतात. हा अपमान मी गोड मानून खातो. पण वर्षानुवर्षं एक गोष्ट ठरलेली होती: बाकी आम्ही कसेही खेळलो तरी आण्णांचा डाव आमचाच. सातारकरही ते धरूनच चालत.

आणि मग आण्णा चुकायला लागले.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. लांबचा सरळ बॉल पॉकेटाच्या कडेला आपटून परत यायचा. एकदा, दोनदा, मग रोज. आण्णांनी टेबलाचं कापड बदलून घेतलं. काठी बदलली. दिव्याची पट्टी हलवली. मला खोलीच्या बाहेर उभं केलं. तरी बॉल कडेलाच. त्यांचं ते नेहमीचं वाक्य मी पुढे फार दिवस ऐकलं नाही. टेबल चुकतंय असं म्हणणारा माणूस टेबलाकडे नुसता बघत उभा राहायचा. मला ते बघवत नसे. सामन्याचा संघ ठरवायची वेळ आली तेव्हा सेक्रेटरींनी अगदी साखर घोळवून सांगितलं, "आण्णा, या वर्षी जरा विश्रांती घ्या. तुम्ही बाहेरून मार्गदर्शन करा."

"मला बसवताय?" आण्णांनी विचारलं. एवढंच. मी वाट बघत होतो की आता हा माणूस हॉल डोक्यावर घेईल. त्यांनी काठीचे दोन भाग फिरवून सुटे केले, पुसले आणि पेटीत ठेवले.

मी त्यांना मिरजेला घेऊन गेलो. मी जिथे नोकरी करतो तिथल्याच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. उजव्या डोळ्याचा पडदा मध्यभागी खराब झाला होता. कडेचं दिसत होतं, पण जिथे बघावं तिथेच धूसर. "मोतीबिंदू असता तर काढला असता," त्या म्हणाल्या. "याला मात्र पहिल्यासारखं करता येणार नाही. डावा अगदी उत्तम आहे. रोजच्या कामाला काही अडचण येणार नाही."

रोजच्या कामाला! परतीच्या वाटेवर गाडी सांगलीत शिरली तशी आण्णांनी मांडीवरची काठीची पेटी माझ्या मांडीवर ठेवली. "सुभेदार, ही तुमी वापरा. जड वाटंल सुरवातीला, मग बसंल हातात." मला रडू फुटेल असं वाटलं, आणि मला रडू यायला लागलं की राग येतो. मी म्हटलं, "मला नको तुमची काठी. एक डोळा आजारी पडला म्हणून माणूस घरी बसतो होय?" ते म्हणाले, "कारभारीच गेला. आता काय ऱ्हायलं?"

मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो आणि सगळं वैनींसमोर सांगितलं. भांडणच काढलं म्हणा. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं. वैनींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. आण्णांच्या शर्टाच्या खिशात हात घालून वायसर काढलं.

"साऱ्या गावाचं डोळं बघितलं ह्येंनी," त्या म्हणाल्या. "आवं, तुमचं सवताचं कुनी बघितलं का? धरा. तितलं बोर्डावरचं अक्षर बघा."

"मला म्हाईत हाय माझा कारभारी कंचा."

"धरा म्हनते न्हवं!"

आण्णांनी धरलं. "उजवा मिटा," वैनी म्हणाल्या. आण्णांनी मिटला. "आता डावा मिटा." मिटला. आण्णांचा हात खाली आला. त्यांनी पुन्हा वर केला, पुन्हा दोन्ही डोळे आळीपाळीने मिटले. तोंडावर असा भाव, की आपल्याच घराचा दरवाजा वाजवावा आणि आतून परक्याने उघडावा.

"डावा," ते म्हणाले. "आयला, डावा!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उजव्याला दिसेना तसं डाव्याने आपणहून काम हातात घेतलं होतं, कुणालाही न विचारता. आण्णा मात्र अजून काठी उजव्याखालूनच नेत होते, रेघ बघत होता डावा. बॉल कडेला आपटणार नाही तर काय होणार!

"कारभार कवाच बदललाय," वैनी म्हणाल्या. "तुमास्नी कुनी सांगितलं न्हाई, येवढंच."

गिऱ्हाइकं हसायला लागली, कारण हे कशाबद्दल चाललंय ते त्यांना आपल्या परीने बरोबर कळलं होतं. आण्णासुद्धा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

पण नव्या कारभाऱ्याच्या हाताखाली काम करणं सोपं नाही हो. आयुष्यभराची सवय मानेत बसलेली असते. आण्णा ओणवे झाले की मान आपोआप जुन्या जागी जाई. मी फौजेतला, मला कवायत कळते. मी त्यांच्यामागे उभा राहून ओरडायचो, "मान उजवीकडे! अजून!" ते मला शिव्या घालायचे. मग त्यांनी स्वतःच युक्ती काढली. काठीच्या टोकाला लावायचा निळा खडू हनुवटीच्या डाव्या बाजूला फासायचा, आणि काठी तिथेच टेकली पाहिजे. रोज संध्याकाळी सांगलीतला हा नामांकित व्यापारी कपाळावर केशरी आणि हनुवटीवर निळा असा घरी जाई. मान आखडली, पाठ धरली. वैनी रात्री तेल चोळत आणि म्हणत, "सून घरात आल्यावर पन येवढं अंग मुरडावं लागत न्हाई." पहिल्यांदा लांबचा सरळ बॉल कडेला न शिवता आत गेला तेव्हा आण्णांनी पॉकेटात हात घालून बॉल खरंच आत आहे का ते चाचपून बघितलं.

सेक्रेटरी म्हणाले, संघ तर ठरलाय. आण्णा म्हणाले, मग माझ्याशी एक डाव खेळा. सेक्रेटरी खेळले, आणि खेळून झाल्यावर आपलं स्वतःचं नाव खोडून तिथे आण्णांचं लिहिलं. हे त्यांनी फार दिलदारपणे केलं, मी नेहमी सांगतो.

सामना त्या वर्षी साताऱ्यात होता. आम्ही दोन गाड्या करून गेलो, आणि दुसऱ्या गाडीतून, काय आश्चर्य, पद्मा वैनी उतरल्या. "ह्यांचं मानगूट कुटं वाकडं हुतंय ते बघायला आले," म्हणाल्या. दिवसभर खेळ चालला आणि दुपार कलेपर्यंत दोन्ही क्लब बरोबरीत आले. राहिला शेवटचा डाव. आमच्याकडून आण्णा, त्यांच्याकडून अजिंक्य नावाचा तरणाबांड इंजिनिअर. पोरगा गुणी, वागायला नम्र, आणि त्या वर्षात कुणाकडूनही हरलेला नव्हता. आण्णांच्या पाया पडला. आण्णा म्हणाले, "नावातच अजिंक्य हाय म्हंजे अवघडच झालं. नाव आधी सांगायचं न्हाई का, घरीच बसलो असतो."

डाव अर्ध्यावर आला आणि खिडकीतलं ऊन डोंगरावर चढायला लागलं. आण्णांनी काठी भिंतीला टेकवली आणि सरळ बाहेर निघाले. सातारकर बघतच राहिले. मला उठून सांगावं लागलं, की हे जैन आहेत, दिवस मावळल्यावर काही खात नाहीत, आत्ता जेवले नाहीत तर सकाळपर्यंत उपाशी. सातारकरांचंही मन मोठं. त्यांनी डाव थांबवला. व्हरांड्यात वैनींनी डबा उघडला आणि आण्णा भाकरी, वांगं, दही-भात असं निवांत जेवले. पलीकडे अजिंक्य येरझाऱ्या घालत होता. आण्णांनी त्यालाही भाकरी दिली. तो पोरगा नको म्हणू शकला नाही.

पुन्हा सुरू झालं. मागेपुढे, मागेपुढे होत शेवटी टेबलावर पांढरा आणि काळा एवढेच बॉल उरले. काळा ज्याचा, सामना त्याचा. अजिंक्यने मारला, थोडक्यात चुकला. काळा पार पलीकडच्या कोपऱ्याजवळ जाऊन थांबला, पांढरा या टोकाला. सरळ रेघ, आणि सगळ्यात लांबचा बॉल. बाहेरून बघणाऱ्याला सोपा. पण याच बॉलने या माणसाला घरी बसवलं होतं, हे आमच्या दोन्ही गाड्यांतल्या माणसांना माहीत होतं. कुणी खोकेनासुद्धा.

आण्णा ओणवे झाले. काठी मागे-पुढे झाली. आणि मी बघितलं, मान जुन्या जागी गेली होती. काठी उजव्याच्या खाली. मला ओरडता येत नव्हतं, मी खुर्चीचा हात धरून ठेवला. काठी मागे गेली, थांबली. आण्णा सावकाश सरळ झाले.

"थांबा," ते सगळ्यांना म्हणाले. "जुना कारभारी मधी आला. जरा त्याला सांगून येतो."

हॉलमध्ये हशा पिकला. अजिंक्यसुद्धा हसला. आण्णांनी दोन पावलं मागे घेतली, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, जरा वेळ तसेच राहिले, एखाद्या म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तसे. मग पुढे आले, वाकले, हनुवटीची डावी बाजू काठीला टेकवली, दोन्ही डोळे सताड उघडे. मारलं.

काळा बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज आला आणि त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी ओरडत होतो. आमचे लोक टेबलाभोवती नाचत होते. चौघांनी मिळून आण्णांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो पोटामुळे फसला. अजिंक्य पुढे आला आणि म्हणाला, "काका, माझा कारभारी कुठला ते बघाल का?" पेढ्यांचा खोका या खेपेला सातारकरांनी मुकाट्याने आमच्या हातात दिला आणि मी तो त्यांनाच फिरवला. त्या दिवशी मी सातारकर होतो, सांगलीकर होतो, सगळं काही होतो.

बक्षीस घ्यायला आण्णा उभे राहिले. त्यांना दोन शब्द बोला म्हणाले, आणि आम्ही सगळे अर्ध्या तासाच्या तयारीने बसलो. आण्णा म्हणाले, "मी आजवर सांगत आलो, दुकान मी चालवतो. खोटं हाय. ही चालवती. मला उशिरा कळलं. बसतो." आणि खरंच बसले. वैनींनी पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं.

पुढे बरीच वर्षं आण्णा डाव्याच्या जिवावर खेळले, आणि माझ्या मते आधीपेक्षा चांगले. टेबल पुन्हा चुकायला लागलं, दिवा पुन्हा हलायला लागला, सगळं छान चाललं होतं. गेल्या थंडीत एका पहाटे ते झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला हरवलं होतं.

मी पोचलो तेव्हा पद्मा वैनी कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या आणि त्यांनी मला पहिलं सांगितलं, "मिरजेला फोन करा. डोळं द्यायचं ठरलंय त्येंचं." मी फोन केला. त्याच डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. त्यांचं काम होईपर्यंत आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. त्या बाहेर आल्या तेव्हा वैनी उठून त्यांच्यासमोर गेल्या.

"बाई, उजवाबी घेतला का वो? त्यो खराब हुता."

"घेतला, काकी. पडदा खराब होता, पुढची काच अगदी स्वच्छ आहे. दोन माणसांना दिसेल."

वैनींनी मान हलवली. मग आतल्या खोलीकडे बघून, घरातल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलं न्हवं? दोघंबी कामाला लागलं."